चौकातील दिवे आणि सायकलस्वार

लंडन शहरात पार्लमेंटच्या इमारतीजवळ १८६८ सालच्या डिसेंबर महिन्यात एक उंच खांब उभा करण्यात आला. दिवसा त्या खांबाचे हात वरखाली होत आणि रात्री त्यावर तांबडा व हिरवा असे गॅसचे दोन दिवे दिसत. जॉन पीक नाइट नावाच्या रेल्वेतील अभियंत्याची ही कल्पना होती. आगगाडीच्या मार्गावरील हात दाखवणारे खांब लोकांच्या परिचयाचे झाले होते. तेच साधन त्याने रस्त्यावर आणले. खांबापाशी एक पोलिस शिपाई उभा राही व हाताने दिवे फिरवी. पण महिना पुरा होतो न होतो, तोच १८६९ च्या जानेवारीत गॅस गळून स्फोट झाला. बिचारा शिपाई जखमी झाला आणि तो प्रयोग तेथेच थांबला.

या हकिकतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या खांबासमोर मोटार कधी आलीच नाही, कारण मोटारीचा जन्मच तोवर झाला नव्हता. घोडागाड्या आणि पायी चालणारी माणसे यांच्यासाठी तो खांब उभा होता. पुढे १९१४ साली ऑगस्टच्या ५ तारखेला अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराच्या एका चौकात विजेवर चालणारे तांबडे व हिरवे दिवे बसवण्यात आले. तोपर्यंत रस्त्याचे रूप पालटले होते. मोटारी वाढल्या होत्या, आणि दिवा किती वेळ लावावा, केव्हा बदलावा, याचे गणित हळूहळू मोटारीच्या वेगावरून मांडले जाऊ लागले. सायकल तर मोटारीच्याही आधीपासून रस्त्यावर होती. परंतु या गणितात तिची आठवण फारशी कोणाला झाली नाही.

आरंभीचे दिवे केवळ घड्याळाच्या हुकमाने चालत. आडरस्त्याने कोणी येत असो वा नसो, ठरलेली वेळ झाली की मुख्य रस्ता थांबे. मोकळ्या आडरस्त्यासाठी शंभर वाहनांनी ताटकळत राहावे, हे कोणालाही पटणारे नव्हते. तेव्हा समोर कोण उभे आहे हे दिव्याला कळले पाहिजे, असा विचार पुढे आला. १९२८ साली अमेरिकेतच बाल्टिमोर शहरात चार्ल्स ॲडलर याने दिव्याला जणू कान बसवला. आडरस्त्याने येणाऱ्या चालकाने चौकात थांबून भोंगा वाजवावा, खांबावरील ध्वनिग्राहकाने तो ऐकावा आणि मग दिवा बदलावा, अशी ती योजना होती. चौकाभोवती राहणाऱ्या लोकांच्या झोपेचे काय होत असेल, याची कल्पना ज्याची त्यानेच करावी! त्याच सुमारास रस्त्यात धातूच्या पट्ट्या पुरून वाहनाच्या भाराने दिवा बदलण्याची युक्तीही निघाली. शेवटी १९६० नंतरच्या दशकात या सर्वांपेक्षा सोयीचे असे एक साधन प्रचारात आले. ते म्हणजे रस्त्याच्या पोटात पुरलेले तारेचे वेटोळे.

पाश्चात्त्य देशांतील चौकात थांबण्याच्या रेषेअलीकडे पुष्कळदा डांबरात कापलेल्या बारीक रेषांचा एक चौकोन दिसतो. त्या रेषांखाली तार बसवलेली असते. तारेतून वाहणारा वीजप्रवाह एका सेकंदात हजारो वेळा आपली दिशा बदलतो. त्यामुळे वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. धातूची एखादी वस्तू या क्षेत्रात आली, की तिच्या अंगात पाण्यातील भोवऱ्यांसारखे लहान लहान वीजप्रवाह फिरू लागतात आणि ते मूळच्या क्षेत्राला विरोध करतात. या विरोधामुळे वेटोळ्यातील विद्युत्स्पंदनांची गती किंचित वाढते. रस्त्याच्या कडेला पेटीत बसलेले यंत्र ही वाढ मोजते आणि कोणीतरी आले आहे, असे समजून हिरवा दिवा देण्याची तजवीज करते.

येथे पुष्कळांची एक समजूत चुकते. हे वेटोळे वजन ओळखत नाही. त्यावर धान्याची पोती रचली किंवा दहा माणसे उभी राहिली, तरी त्याला पत्ता लागणार नाही. वस्तू लोखंडाचीच असली पाहिजे, असेही नाही. ॲल्युमिनियममधून वीज चांगली वाहते, म्हणून ॲल्युमिनियमचे चाकही ते ओळखू शकते. मोटारीच्या तळाशी धातूचा विस्तीर्ण पत्रा असतो. तो वेटोळ्यावर आडवा पसरला की यंत्राला शंकाच उरत नाही. सायकलीचे तसे नाही. तिचे चाक म्हणजे उभी धरलेली एक बारीक कडी. चौकोनाच्या मध्यभागी चुंबकीय रेषा सरळ वर जातात, त्या या कडीच्या अंगालगत निघून जातात, तिच्यातून आरपार जात नाहीत. म्हणून लेनच्या ऐन मधोमध शहाण्यासारखा उभा राहिलेला सायकलस्वार यंत्राच्या दृष्टीने तेथे नसतोच!

मग काय होते? रात्रीची वेळ आहे, मागून मोटार येत नाही, आणि सायकलस्वार तांबड्या दिव्याकडे पाहत उभा आहे. मुख्य रस्त्याचा दिवा हिरवाच राहतो. एक मिनिट जाते, दोन मिनिटे जातात. खाली उतरून पादचाऱ्यांसाठी असलेले बटण दाबावे, तर ते पदपथावर दूर असते. कंटाळून तो तांबड्या दिव्यातून निघाला, तर त्याने कायदा मोडला असे होते. आणि त्याच क्षणी एखादे वाहन वेगाने आले, तर दंडापेक्षा फार मोठे मोल त्याला द्यावे लागते. नियम पाळण्याची इच्छा असलेल्या माणसालाही नियम पाळता येऊ नये, अशी ही अवस्था आहे. यात दोष त्याच्या वृत्तीचा नाही, यंत्राच्या दृष्टीचा आहे.

यावर उपाय मात्र अवघड नाही. वेटोळ्याच्या कडेला, म्हणजे नेमकी जेथे तार पुरलेली असते तेथे, चुंबकीय रेषा वळून आडव्या होतात. सायकलीची चाके त्या कापलेल्या रेषेवर आणून उभी केली, तर या आडव्या रेषा चाकाच्या कडीतून आरपार जातात आणि यंत्राला सायकलची चाहूल लागते. म्हणून काही शहरांनी डांबरावर त्या जागी सायकलीचे लहानसे चित्र व एक रेघ रंगवली आहे. सायकलस्वाराने चाक नेमके कोठे ठेवावे, हे त्यावरून कळते. दुसरा उपाय वेटोळ्याच्या आकाराचा आहे. तार साध्या चौकोनात न पुरता इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळवली, तर मधल्या रेषेवर दोन्ही फेऱ्यांचे बळ एकत्र होते, आणि बाहेरच्या बाजूला मात्र ते एकमेकांस बरेचसे मारून टाकते. केवळ यंत्र अधिक तीक्ष्ण केले, तर ते शेजारच्या पट्ट्यातील मोटारीलाही आपलीच समजून बसते. आठच्या आकड्यात ही अडचण उरत नाही. सायकलीला लोहचुंबक बांधण्याचा उपायही काही लोक सांगतात, पण वर सांगितलेली क्रिया ध्यानात घेतली म्हणजे तो व्यर्थ का, हे सहज उमगेल.

उपाय माहीत असणे आणि तो अमलात येणे यांत बरेच अंतर असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने २००७ साली कायदाच केला. समोरचे वाहन ओळखून बदलणारा दिवा नव्याने बसवताना किंवा जुने साधन बदलताना ते साधन सायकल व मोटारसायकल यांनाही ओळखणारे असले पाहिजे, असे त्या कायद्याने ठरवले. पुष्कळ ठिकाणी आता वेटोळ्याऐवजी कॅमेरे किंवा रडार वापरतात. साधन कोणतेही असो, सायकल ओळखण्याची शिकवण त्याला मुद्दाम द्यावीच लागते.

समजा, दिव्याने सायकलस्वाराला ओळखले आणि हिरवा प्रकाशही दिला. तेवढ्याने काम संपते काय? नाही. तो प्रकाश किती वेळ टिकतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. एक चौक २४ मीटर रुंद आहे असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी मोटार तो सुमारे सव्वादोन सेकंदांत ओलांडते. ताशी १६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलीला त्याच अंतरासाठी सुमारे साडेपाच सेकंद लागतात. हा हिशेब झाला आधीच वेगात असलेल्या सायकलीचा. थांबलेल्या सायकलस्वाराला तर पाय उचलून पायडलवर ठेवावा लागतो, तोल सावरावा लागतो आणि मग कोठे चाके फिरू लागतात. कॅलिफोर्नियातील नियमपुस्तकात यासाठी ६ सेकंद धरले आहेत. त्यापुढे सेकंदाला सुमारे साडेचार मीटर या गतीने चौकाची रुंदी व सायकलीची स्वतःची लांबी यांचा वेळ मिळवायचा. या हिशेबाने २४ मीटरच्या चौकाला सुमारे १२ सेकंद लागतात. आता एखाद्या आडरस्त्याला ५ सेकंद हिरवा, ३ सेकंद पिवळा आणि १ सेकंद सर्व बाजूंनी तांबडा, असा एकूण ९ सेकंदांचाच वेळ दिलेला असेल, तर दुसऱ्या बाजूची वाहने सुटतील तेव्हा सायकलस्वार कोठे असेल? ऐन चौकाच्या मध्यावर! त्याने काहीही चूक केलेली नसते. चूक असते ती ३ सेकंदांच्या फरकाची. पण तो फरक मोटारीच्या काचेआड बसून दिसत नाही.

भारतातील पुष्कळ चौकांत दिवे ठरलेल्या वेळेने बदलतात. तेथे सायकल ओळखली जाते की नाही, हा प्रश्नच येत नाही. तथापि ही ठरलेली वेळ कोणाच्या गतीवरून ठरवली, हा प्रश्न उरतोच. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. कारखान्यांत जाणारे कामगार, महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि कचेऱ्यांतील कारकून यांच्या सायकलींनी सकाळी रस्ते भरून जात. पुढे स्वयंचलित दुचाकी आल्या, मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले. आणि रस्ता रुंद झाला की चौक ओलांडण्याचे अंतरही वाढते, ही साधी गोष्ट मागे पडली. २०१७ साली पुणे महानगरपालिकेने शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. मार्ग आखणे हे अशा कामातील एक अंग झाले. मार्ग जेथे तुटतो, तो चौक हे दुसरे अंग, आणि तेच अधिक कठीण आहे.

चौकात थांबणे सायकलस्वाराला मोटारचालकापेक्षा अधिक का जड वाटते, याचाही थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सायकल आणि स्वार मिळून ८० किलोग्रॅम वजन आहे व ते ताशी १८ किलोमीटर वेगाने जात आहे, असे धरा. या गतीत जी ऊर्जा साठलेली असते ती सुमारे १,००० ज्यूल भरते. ब्रेक दाबला की ती सर्व उष्णतेच्या रूपाने वाया जाते; पुन्हा निघताना तेवढीच ऊर्जा पायांनी नव्याने निर्माण करावी लागते. दहा मीटर खोल विहिरीतून दहा लिटर पाण्याची बादली वर ओढण्यास जवळजवळ तेवढेच श्रम पडतात. म्हणजे वाटेत आठ ठिकाणी तांबडा दिवा लागला, तर सायकलस्वाराने आठ बादल्या पाणी शेंदले, असे म्हणण्यास हरकत नाही. मोटारचालकाला मात्र अशा वेळी पायाचा अंगठा दाबण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन या शहराने हा हिशेब मनावर घेतला. नॉरब्रोगाडे हा त्या शहरातील एक गजबजलेला रस्ता आहे; रोज हजारो लोक त्यावरून सायकलीने कामाला जातात. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील दिव्यांची जुळणी सायकलीच्या वेगाला धरून करण्यात आली. तिला ‘हिरवी लाट’ असे नाव आहे. ताशी २० किलोमीटर या गतीने जाणाऱ्या सायकलस्वाराला एकामागून एक दिवे हिरवे मिळत जातात; पाय जमिनीला न टेकवता तो शहराच्या मध्यापर्यंत पोचू शकतो.

ही लाट कशी चालते? दोन चौकांमध्ये २०० मीटर अंतर असेल, तर ताशी २० किलोमीटर वेगाने ते कापण्यास ३६ सेकंद लागतात. म्हणून पहिला दिवा हिरवा झाल्यानंतर ३६ सेकंदांनी दुसरा हिरवा करायचा, एवढीच मुळातली युक्ती. मोटारीसाठी ताशी ५० किलोमीटरची लाट बसवली असती, तर दुसरा दिवा १४ सेकंदांतच हिरवा झाला असता. तेथे सायकलस्वार २२ सेकंद उशिरा पोचतो आणि बहुधा त्याला तांबडा दिवाच भेटतो. पुढच्या चौकातही तेच, त्यापुढेही तेच. याउलट सायकलीच्या लाटेत मोटारीने घाई केली, तर तिलाच पुढच्या चौकात थांबावे लागते. घाईचा काही लाभ नाही हे कळले, की चालकही आपोआप सावकाश जाऊ लागतो.

या युक्तीला एक मर्यादा आहे. जाणाऱ्यांना अनुकूल अशी लाट बसवली, की समोरून येणाऱ्यांना ती तशीच अनुकूल पडेल असे नाही. दोन्ही दिशांना सारखीच सुखाची लाट क्वचितच साधते. म्हणून कोपनहेगनमध्ये सकाळी ही लाट शहराकडे जाणाऱ्यांसाठी असते आणि दुपारनंतर घरी परतणाऱ्यांसाठी. जो उलट दिशेने कामाला जातो, त्याच्या वाट्याला मात्र दोन्ही वेळा बादल्या शेंदणे येते.

त्याच शहरात आणखी एक व्यवस्था आहे, आणि ती श्रम वाचवण्यासाठी नसून जीव वाचवण्यासाठी आहे. डेन्मार्कमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तेव्हा तेथील उजवे वळण म्हणजे आपल्याकडील डावे वळण समजावे. दिवा हिरवा होताच अवजड ट्रक वळू लागतो आणि त्याच्या कडेला उभा असलेला सायकलस्वार सरळ निघतो. उंच बैठकीवरील चालकाला आपल्या कुशीजवळचा सायकलस्वार दिसत नाही, आणि ट्रक वळणार आहे हे सायकलस्वाराच्या ध्यानात वेळेवर येत नाही. अशा अपघातांत ट्रकचे मागचे चाक फार क्रूर ठरते. यासाठी अनेक चौकांत सायकलींचा वेगळा लहान दिवा मोटारींच्या दिव्याआधी काही सेकंद हिरवा होतो, आणि मोटारींनी थांबण्याची रेषा सायकलींच्या रेषेपेक्षा काही मीटर मागे घेतलेली असते. त्यामुळे ट्रक हलण्यापूर्वीच सायकलस्वार चालकाच्या समोर, त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतो. आपल्याकडे अनेक चौकांत डावीकडचे वळण सदैव मोकळे ठेवलेले असते. सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला तेथे दिव्याकडे नव्हे, तर डाव्या बाजूला वळणाऱ्या अखंड रांगेकडे पाहून वाट काढावी लागते.

सायकलींचा देश म्हणून नेदरलँड्सची ख्याती आहेच. तेथील चौकांत सायकलीच्या आकृतीचे वेगळे दिवे असतात. सायकलींच्या मार्गात रेषेच्या बऱ्याच अलीकडे एक वेटोळे पुरलेले असते. सायकलस्वार चौकात येण्यापूर्वीच त्याची वर्दी दिव्याला पोचते. ते चुकलेच, तर हाताच्या उंचीवर, उतरावे न लागता दाबता येईल असे बटण खांबाला असते. काही ठिकाणी बारीक दिव्यांचे एक कडे असते. त्यातील दिवे एकेक विझत जातात आणि अजून किती थांबायचे ते सायकलस्वाराला दिसते. वाट पाहणे किती उरले हे कळले, की माणूस अधिक धीराने थांबतो, हा अनुभव आगगाडीची वाट पाहणाऱ्या कोणालाही असेल.

त्या देशातील ग्रोनिंगन या शहरात याहून नवलाची रीत आहे. तेथील काही चौकांत मोटारींच्या सर्व बाजू तांबड्या करतात आणि सायकलींच्या चारही बाजू एकदम हिरव्या! सायकलस्वार चोहोंकडून एकाच वेळी चौकात शिरतात. कोणी सरळ जातो, कोणी कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरपा निघतो. परक्या माणसाला वाटते, की आता टक्कर होणार. पण सायकलीची गती बेताची असते, स्वारांना एकमेकांचे चेहरे दिसतात, आणि एकाने किंचित हँडल वळवले की दुसरा समजतो. काही क्षणांत चौक रिकामा होतो. त्याच शहरात काही दिव्यांना पावसाची जाणीव देणारे यंत्रही जोडण्यात आले. पाऊस पडू लागला, की सायकलींना हिरवा दिवा अधिक वेळा मिळतो. मोटारीतील माणूस थोडा जास्त थांबला तरी भिजत नाही, एवढाच त्यामागचा साधा विचार.

२०१७ साली उट्रेख्ट शहरात रस्त्याच्या कडेला ‘फ्लो’ नावाचा एक निळा खांब उभा राहिला. चौकापासून शंभरावर मीटर अलीकडे तो येणाऱ्या सायकलीची गती मोजी आणि पुढच्या दिव्याशी तिचा मेळ घालून एक चित्र दाखवी. ससा दिसला तर थोडे जोराने चला, म्हणजे हिरवा दिवा गाठाल. कासव दिसले तर सावकाश चला. वर केलेला अंगठा दिसला तर आहे ती गती उत्तम. आणि गाय दिसली तर? तर कितीही घाई केली वा कितीही रेंगाळले, तरी दिवा तांबडाच भेटणार. ससा आणि कासव यांची शर्यत जगभरातील मुलांना ठाऊक आहे. परंतु दोघांनीही वेळेवर पोचावे म्हणून त्यांना एकाच खांबावर आणण्याची ही पहिलीच वेळ असावी.

सर्वच ठिकाणी हिरवी लाट पोचत नाही, आणि गाय तर कोणालाच टळत नाही. अशा थांबणाऱ्यांसाठी कोपनहेगनने काही चौकांत एक अगदी साधी सोय केली आहे. थांबण्याच्या रेषेजवळ, रस्त्याच्या कडेला, एक लोखंडी कठडा बसवला आहे. खाली आडवी पट्टी असते ती पाय ठेवण्यासाठी, आणि वर दांडी असते ती हाताने धरण्यासाठी. सायकलस्वार बैठकीवरून न उतरता तेथे टेकून थांबतो. त्याच्या मागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, अशी रांग लागते. मग दिवा हिरवा होतो, पुढचा माणूस त्याच पट्टीला पायाने रेटा देतो, आणि रांग हलू लागते.